प्रलयानंतरच्या जगात देवचार आणि मुंजा

प्रलयानंतरची कथा कोकण-गोव्यात घडवणार असाल, तर भुतांच्या शक्तींआधी त्यांच्या हद्दी आणि हक्क ठरवा. देवचार, म्हणजे राखणदार, गावाची सीमा सांभाळतो. त्या बदल्यात त्याला रोट, सोरो (दारू), विडी मिळते. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण रात्रीच्या फेरीत त्या झिजतात अशी श्रद्धा आहे.

खरी कथा इथेच आहे! जग कोसळल्यावर वहाणा शिवणार कोण? 80 घरांच्या गावाला वर्षाला 4 जोड लागतात असं धरा. गुरं मेली की चामडं नाही, कातडं कमवणारा नाही. मग फेरी चुकते आणि सीमा उघडी पडते. सोऱ्याचंही तसंच: काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे, बोंडू (काजूची फळं) लवकर नासतात, म्हणून पावसाळ्यापुरता साठा उन्हाळ्यातच गाळून ठेवावा लागतो. गावाचा देवचाराशी असलेला करार मोडण्याची वेळ अशी आपोआप श्रावणाच्या आसपास येते.

मुंजा पिंपळावर राहतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी भिंतींच्या भेगांत रुजतं, म्हणून ओस शहरांत मुंजे वाढतील, गावांत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वस्तीचा नकाशा त्यावरून ठरतो.

बहुतेक कथा फसतात त्या सगळ्यांना एकाच साच्यात घातल्यामुळे. हडळ सौदा करत नाही. चकवा तर फक्त वाट चुकवतो, त्याच्याशी तह करायला समोर कुणी नसतंच.