प्लग ज्याला मिळाले, तो

लोहगाव, मे महिन्यातला दुसरा रविवार, रात्र

आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरात गेल्या आठवड्यात मला जेआरडी टाटांविषयी बोलायला सांगितले होते. मी आपली ठरलेली गोष्ट सांगितली: 1930 सालची आगाखान पारितोषिकाची शर्यत, इजिप्तमधील अबूकिरच्या विमानतळावर स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेला प्रतिस्पर्धी, आणि आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन पुढे स्वतः ती शर्यत हरणारे दिलदार जेआरडी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “आणि तो दुसरा कोण होता?” नाव ऐन वेळी जिभेवर येईना, म्हणून “एक पारशी मुलगा होता,” असे सांगून मी वेळ मारून नेली. ते उत्तर आठवडाभर मनाला टोचत राहिले आहे.

त्या मुलाचे नाव अस्पी मेरवान इंजिनियर. जन्म 1912 सालच्या डिसेंबरमधला, लाहोरचा. म्हणजे शर्यतीच्या वेळी त्याला अठरावे सरत आले होते असेही नाही; तो पुरता सतरा वर्षांचा होता. (पुढे हवाई दलप्रमुख झालेल्या माणसाला अरे-तुरे करणे बरे नव्हे, पण सतरा वर्षांच्या मुलाला अहो-जाहो करणे मला जमत नाही.) त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आर. एन. चावला यांच्यासोबत तो कराचीहून इंग्लंडपर्यंत विमानाने गेला होता. इस्माइली पंथाचे धर्मगुरू आगाखान यांनी एकट्याने इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास ठरलेल्या मुदतीत पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते, आणि परतीची वाट त्याने त्यासाठी एकट्याने धरली. 25 एप्रिलला तो लंडनजवळच्या क्रॉयडनहून पूर्वेकडे निघाला; जेआरडी 3 मे रोजी कराचीहून पश्चिमेकडे निघाले. शर्यत एकच, पण दोघांची तोंडे एकमेकांकडे, असा तो विलक्षण प्रकार होता, आणि म्हणूनच वाटेत त्यांची गाठ पडू शकली.

तिसरे स्पर्धक मनमोहन सिंग. त्यांनी आपल्या विमानाला ‘मिस इंडिया’ असे नाव दिले होते, आणि इंग्लंडमधल्या एका विमानविषयक साप्ताहिकाच्या संपादकाने त्यावर कोटी केली होती की, नावाप्रमाणे ते भारत चुकवण्याचीच शक्यता अधिक. ते कराचीला पोहोचले, पण मुदत टळून गेल्यावर. दुसऱ्या महायुद्धात, मार्च 1942 मध्ये, ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे झालेल्या जपानी हवाई हल्ल्यात ते मारले गेले. ही कोटी आता वाचताना हसू येत नाही.

अस्पी आणि जेआरडी या दोघांकडेही ‘जिप्सी मॉथ’ होते: उघड्या बैठकीचे, दोन जोड पंखांचे, चार सिलिंडरच्या इंजिनाचे हलके विमान. प्रत्येक सिलिंडरला दोन याप्रमाणे आठ प्लग. प्लग म्हणजे काय चीज आहे, हे माझ्या पिढीच्या स्कूटरवाल्यांना वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात निम्म्या वाटेत गाडी फुरफुरून बंद पडली की पाना काढायचा, तापलेला प्लग फडक्यात धरून बाहेर काढायचा, टोकावर धरलेला काळा, ओलसर कार्बन पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून पुन्हा बसवायचा आणि देवाचे नाव घेऊन किक मारायची. मी हे कर्वे रस्त्याच्या कडेला, पानाच्या टपरीच्या आडोशाला केलेले आहे. पण खाली वाळवंट किंवा समुद्र असताना, संदेशयंत्र नसलेल्या विमानात एकट्याने बसून इंजिनाचा ठोका चुकल्याचे ऐकणे म्हणजे काय असेल, ते मला कल्पनेनेही पेलत नाही.

जेआरडींनी प्लग दिले, हे सर्वांना ठाऊक असते. अस्पीने त्याच्या बदल्यात आपले लाइफ जॅकेट जेआरडींना दिले, हे मात्र गोष्ट सांगताना आपण गाळतो; मीही गाळले. वास्तविक मला तोच भाग आता अधिक आवडतो. अस्पीचा भूमध्य समुद्र ओलांडून झाला होता आणि जेआरडींचा ओलांडायचा राहिला होता. ज्याला जे पुढच्या वाटेवर लागणार, ते त्याला मिळाले. एकाने उपकार केले आणि दुसऱ्याने घेतले, असा तो एकतर्फी मामला नव्हता. शेवटी अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. या विजयामुळे त्याला हवाई दलात प्रवेश मिळायला मदत झाली, याचे आपल्याला समाधान आहे, असे जेआरडी पुढे सांगत असत.

येथून पुढे मात्र ‘अस्पी इंजिनियर’ असेच लिहिले पाहिजे. इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात शिक्षण, नव्याने उभ्या राहिलेल्या भारतीय हवाई दलात प्रवेश, वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांतील कामगिरीबद्दल ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे शौर्यपदक. चारही भाऊ हवाई दलात गेले. त्यांच्यापैकी मिनू यांना महावीरचक्र मिळाले. नोव्हेंबर 1960 मध्ये तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे टोकियोत अकस्मात निधन झाले आणि 1 डिसेंबरला अस्पी इंजिनियर हवाई दलप्रमुख झाले.

त्यानंतरच्या वर्षी, 18 डिसेंबर 1961 रोजी सकाळी, गोव्याच्या मुक्तीसाठी दाबोळीची धावपट्टी निकामी करायला कॅनबेरा बाँबफेकी विमाने निघाली ती आमच्या पुण्याहून. धावपट्टी उखडायची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. तीस वर्षे लोहगावात राहून, रोज सकाळी सुखोईच्या आवाजाने चहाचा कप हलत असताना, त्या वेळच्या दलप्रमुखाला मी परवा ‘एक पारशी मुलगा’ म्हणून मोकळा झालो.

पण मला आज सारखे आठवते आहे ते गोव्याचे यश नव्हे, तर त्यानंतरचे वर्ष. 1962 साली चीनशी लढाई झाली तेव्हा सरकारने लढाऊ विमाने वापरलीच नाहीत. मालवाहू विमानांनी मात्र शर्थ केली. लडाखमधल्या चुशूलच्या उंचीवर एएन-12 विमानांतून हलके रणगाडे उतरवले गेले. लढाऊ विमाने न वापरण्याचा तो निर्णय बरोबर की चूक, यावर जाणकार अजून भांडतात. माझे मत विचाराल तर तो भीतीपोटी घेतलेला आणि चुकीचा होता. सतराव्या वर्षी प्लगसाठी परक्या विमानतळावर खोळंबलेला माणूस एकोणपन्नासाव्या वर्षी हवाई दलाचा प्रमुख होता, विमाने शाबूत होती, वैमानिक तयार होते, आणि या वेळी खोळंबा दूर करणे त्याच्या किंवा कोणा उदार सहप्रवाशाच्या हाती नव्हते. 1964 च्या जुलैअखेर ते निवृत्त झाले, नंतर इराणमध्ये भारताचे राजदूत होते, आणि 1 मे 2002 रोजी त्यांचे निधन झाले.

शिबिर अजून चार दिवस आहे. उद्या माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढायचा आहे. स्कूटर विकली तरी तिचे दोन-तीन जुने प्लग त्यात असावेत. त्या मुलीच्या हातात एक देईन आणि नाव पूर्ण सांगेन.