बटणांचं काय चुकलं?

'रविवारभर बसून वाट्या रंगवल्या, घरभरची बटणं गोळा केली. लाल वाटीत लाल, निळ्या वाटीत निळी. पोराने दोन मिनिटांत सगळं जमिनीवर ओतलं. काय चुकलं?' मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे अडीच-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाबा हे मला विचारत असतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पोराचं काही चुकलेलं नाही. बटणांचं चुकलंय.

ती बटणं एकदा नीट बघा. एक लाल बटण मोठं, एक लाल पण टिकलीएवढं, एक चकाकणारं, एकाला दोन भोकं, एकाला चार. आपण रंग ठरवून बसलेलो असतो म्हणून आपल्याला रंग दिसतो. मुलाला आधी चकाकी दिसते, मग भोकं. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये 'मुलांचं घर' नावाची आपली पहिली बालशाळा सुरू केली. त्यांच्या साधनांमागचा एक विचार मी घरगुती खेळांत कायम वापरते: एका वेळी एकच गोष्ट वेगळी ठेवायची, बाकी सगळं सारखं. रंग ओळखायचे असतील तर एकाच पुठ्ठ्याचे, एकाच मापाचे चौकोन कापा आणि दोनच रंगांत रंगवा. तिसरा रंग नंतर. बटणं तर फारच नंतर.

माँटेसरींचीच आणखी एक गोष्ट: चूक झाली तर ती साधनानेच सांगावी. म्हणून माझा सगळ्यात लाडका खेळ डबे आणि झाकणं. काही बनवावंच लागत नाही. वेगवेगळ्या मापांचे पाच-सहा डबे पुढ्यात ठेवायचे आणि झाकणांचा ढीग शेजारी. मूल झाकण ठेवतं, फिरवतं, दोन्ही तळव्यांनी दाबतं, बसत नाही म्हटल्यावर उलटं करून बघतं. मग दुसरा डबा ओढतं. 'ते नाही रे, हे बघ' म्हणायची कुणाला गरज नाही. (तरी आपण म्हणतोच. तोंड मिटून बसणं हाच यातला अवघड भाग.)

जोड्या लावणं आधी, गट करणं मागाहून. चमच्याला तसाच चमचा शोधणं सोपं. चमच्याची बाह्यरेषा कागदावर काढून त्यावर चमचा ठेवायला सांगितलं की थोडं अवघड. नुसती चित्रं चित्रांशी जुळवणं त्याहून पुढचं.

आता गट. एकदा साडेतीन वर्षांच्या मुलीपुढे मी धुतलेल्या मोज्यांचा ढीग ठेवला. तिने एक मोठा मोजा घेतला, त्याच्या कुशीत एक इवलासा ठेवला. मग दुसरा मोठा, दुसरा इवलासा. मी म्हटलं, 'अगं, जोडी लाव ना.' ती म्हणाली, 'लावली की. हा त्याचा बाबा.' मी गप्प. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांच्याबरोबर मुलांचं हेच वागणं टिपलं होतं: लहान मुलं सारख्या वस्तूंचे ढीग न करता पुष्कळदा वस्तूंची रांग मांडतात, चित्र करतात, गोष्ट जुळवतात. तेव्हापासून मी 'चुकलं' म्हणायच्या आधी 'हे इथे का ठेवलंस?' एवढंच विचारते. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

आणि नियम बदलल्यावर मूल अडलं तर हट्टीपणा समजू नका. लाल ससे आणि निळ्या होड्या अशा पत्त्यांची एक चाचणी मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. पुढे नमुना म्हणून एक लाल होडी आणि एक निळा ससा ठेवलेला असतो. पत्ते त्यांच्याखाली आधी रंगाप्रमाणे लावायचे, मग आकाराप्रमाणे. तीन वर्षांची बहुतेक मुलं नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात आणि हात मात्र जुन्याच नियमाने चालवतात. चार-पाचच्या सुमारास बहुतेकांना ते जमायला लागतं. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला 'आता रंग सोड, आकार बघ' असं त्याच पत्त्यांवर लगेच सांगू नका. डाव मोडा, उद्या मांडा.

राहता राहिली बटणं. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर ती काढूच नका. त्या वयाची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. वस्तू त्यात पूर्ण मावली तर ती घशात अडकण्याएवढी लहान. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी घ्या. ती साधारण थोडी रुंदच असते, त्यामुळे तपासणी आणखी कडक होते. लोहचुंबकाचे तुकडे आणि बटणासारखे चपटे सेल मात्र कुठल्याच वयाच्या खेळात नकोत, ते पोटात गेले तर आतून इजा करतात. मोठ्या मुलांनाही मी बटणं मोजून देते आणि मोजून परत घेते. चोविसाची तेवीस झाली की आधी सोफ्याखाली बघायचं, पुढचा खेळ नंतर.