प्लायच्या माहेरी

गॅबनला जातोय म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या काकांनी विचारलं, "घानाच्या बाजूला ना ते?" महिनाभर आधी मीही नकाशा उघडूनच बघितला होता, त्यामुळे हसायची सोय नव्हती. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, विषुववृत्त ज्याच्या अंगावरून जातं असा हा देश. डोक्यावर कॅमेरून आणि इक्वेटोरियल गिनी, बाकी बाजूंनी काँगो आणि समुद्र. क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडं कमी आणि माणसं पंचवीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरात सगळा देश मावेल. उरलेल्या जागेत जंगल. देशाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग झाडांखाली आहे.

मी गेलो तो या झाडांपायीच. आमचं काम पीलिंग मशीन, म्हणजे ओंडका सोलून त्याची पातळ पट्टी काढणारं यंत्र, बसवून देण्याचं. आपल्याकडच्या प्लायवुडचा वरचा पातळ लालसर थर असतो ना, सुतार ज्याला 'फेस' म्हणतात, तो पूर्वी बहुतेक म्यानमारच्या गर्जन नावाच्या झाडाचा असायचा. २०१४ मध्ये म्यानमारने गोल लाकडाची, म्हणजे न कापलेल्या ओंडक्यांची, निर्यात बंद केली आणि आपले प्लायवाले गॅबनच्या ओकुमेकडे वळले. ओकुमे हलकं, गुलाबीसर, सरळ वाढणारं झाड. ते मुख्यतः गॅबनमध्ये आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या सीमेलगत उगवतं. मशीनवर ओंडका फिरायला लागला की पात्यावरून कागदाच्या गुंडाळीसारखी अखंड पट्टी सुटत जाते. इतकं गुणी लाकूड मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही.

पण ओंडका बाहेर नेता येत नाही. २०१० पासून गॅबनने गोल लाकडाची निर्यातच बंद केली: लाकूड हवं तर इथे येऊन कापा, सोला, माणसं कामाला लावा आणि मग न्या. त्यासाठी राजधानी लिब्रव्हिलपासून सत्तावीस किलोमीटरवर न्कॉक इथे सरकार आणि सिंगापूरची ओलाम कंपनी यांनी मिळून औद्योगिक वसाहत उभी केली. तिथे भारतीय इतके, की मेसमध्ये पहिल्याच दिवशी वरण-भात मिळाला. बायकोने दिलेली मेतकुटाची पिशवी तशीच परत आली.

बंदी म्हटली की पळवाट आलीच. २०१९ मध्ये ओवेंडो बंदरावर केवाझिंगो नावाच्या महागड्या, तोडायला मनाई असलेल्या लाकडाचे कंटेनर पकडले गेले आणि जप्त केलेल्यांपैकी साडेतीनशेच्या वर कंटेनर चक्क गायब झाले! त्यात उपराष्ट्राध्यक्ष आणि वनमंत्री दोघांचीही खुर्ची गेली.

ऑगस्ट म्हणजे तिथला कोरडा मोसम. मला वाटलं होतं ऊन भाजून काढेल. प्रत्यक्षात दिवसभर आभाळ श्रावणासारखं भरलेलं, हवा गार, आणि थेंब पडेल तर शपथ. शहरात टॅक्सीला मीटर नसतो. गाडी हळू झाली की खिडकीतून ठिकाण आणि आपण किती फ्रँक देणार ते ओरडायचं. पटलं तर तो हॉर्न वाजवतो, नाही पटलं तर न बोलता निघून जातो. पहिल्या संध्याकाळी सहा जण न बोलता निघून गेले. हा फ्रँकही मजेशीर. सहा देशांत एकच चलन, ६५५.९५७ फ्रँकला एक युरो असा बांधलेला दर आणि नोटा छापून येतात फ्रान्समधून. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पण पाकीट उघडलं की फ्रान्स आहेच.

बाजारात तर आणखी गंमत. एवढी हिरवाई, आणि टोमॅटो, कांदे, केळी कॅमेरूनहून ट्रक भरून येतात. १९७०च्या दशकात तेलाचा पैसा आला, माणसं शहराकडे आली आणि शेती मागे पडली ती पडलीच. बाहेरून आणलेलं स्वस्त पडतं, मग पिकवायचं कुणी? किरकोळ दुकानंही बरीचशी बाहेरच्या आफ्रिकन लोकांची. मी तिथे असतानाच सरकारने किरकोळ दुकानदारी, मोबाईल दुरुस्ती असे धंदे परदेशी लोकांना बंद करायचं ठरवलं. आमच्या वसाहतीबाहेरचा रिचार्जवाला मालीचा. त्या दिवशी त्याने सुटे पैसे मोजताना मान वर केली नाही.

मशीनवरचा माझा ऑपरेटर राजकारणावर बोलायला एका पायावर तयार असे. मला 'शेफ', म्हणजे साहेब, म्हणायचा. त्याने हिशेब मांडला तो असा: राष्ट्राध्यक्ष ओमार बोंगो १९६७ ते २००९, मग मुलगा अली बोंगो २०२३ पर्यंत. एका घराण्याची छप्पन्न वर्षं. २०१६ च्या निवडणुकीत बोंगोंच्या प्रांतात ९९.९३ टक्के मतदान झालं असं जाहीर झालं होतं. "म्हणजे त्या दिवशी कुणी आजारी नव्हतं, कुणी मेलं नव्हतं," ऑपरेटर म्हणाला. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे अली पुन्हा जिंकल्याची घोषणा झाली आणि पाठोपाठ टीव्हीवर सैनिक आले. त्यांचा म्होरक्या जनरल ओलिगी न्गेमा, बोंगोंच्याच रक्षक दलाचा प्रमुख. लोक रस्त्यावर नाचले, माझा ऑपरेटरही नाचला. एप्रिल २०२५ मध्ये न्गेमा निवडणूक लढवून राष्ट्राध्यक्ष झाले, जवळपास ९५ टक्के मतांनी. हा आकडा सांगून तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात वीज गेली आणि ओंडका अर्धा सोललेला तसाच राहिला.

काम संपल्यावर चार दिवस हातात होते. ट्रान्सगॅबोने रेल्वेने मोआंडा या खाणीच्या गावाला जायचं ठरवलं. ओवेंडो ते फ्रान्सव्हिल, साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर, देशातला प्रवासी वाहतुकीचा हा एकच मार्ग. जागतिक बँकेने पैसे द्यायला नकार दिला होता. ओमार बोंगोंनी तेलाच्या जोरावर १९७४ मध्ये काम सुरू केलं आणि १९८६ च्या शेवटी ते पुरं केलं. मूळ बेत ईशान्येच्या बेलिंगा इथल्या लोखंडापर्यंत जायचा होता. रूळ वळले बोंगोंच्या स्वतःच्या प्रांताकडे. आपल्याकडे पुढाऱ्याच्या गावाला रस्ता जातो, इथे आगगाडी गेली.

गाडी रात्रीची. शेजारच्या बाईंनी डब्यातून अटांगा काढली. जांभळी, वांग्यासारख्या रंगाची फळं, गरम पाण्यात मऊ केलेली, मीठ लावून खायची. चव आंबट-तेलकट, अजून नक्की सांगता येत नाही, पण दुसरं मी मागून घेतलं. एकेरी मार्ग असल्याने गाडी मध्येच बाजूच्या रुळावर थांबे आणि समोरून खनिजाची मालगाडी धडधडत जाई. मी वाघिणी मोजायला लागलो, साठानंतर झोप लागली. सगळ्या वाघिणी समुद्राकडे चाललेल्या. विषुववृत्त कुठे ओलांडलं ते कळलंही नाही. पहाटे बाहेर ओगोवे नदीवर धुकं होतं.

मोआंडा म्हणजे मँगनीज. जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक, आणि जमिनीखाली जेमतेम काही मीटरवर. पोलादाला लागणारं हे खनिज रेल्वे येण्याआधी चक्क तारेवरून जायचं: ७६ किलोमीटरचा रोपवे, डोंगर ओलांडून काँगोतल्या म्बिंडापर्यंत आणि पुढे तिथल्या रेल्वेने बंदरावर. रायगडचा रोपवे पाऊण किलोमीटरच्या आसपास, त्याच्या जवळपास शंभरपट लांब! हा रोपवे बघायला मिळाला असता तर मी मशीनचे पैसे सोडले असते. १९९१ पासून तो बंद आहे.

आता लाकडाचाच नियम मँगनीजला लावायचा आहे. १ जानेवारी २०२९ पासून कच्चं खनिज बाहेर जाणार नाही, असं सरकारने जाहीर केलंय. पण ओंडका सोलायला एक मोटर आणि एक पातं पुरतं. मँगनीज वितळवायला अफाट वीज लागते, आणि विजेचा अनुभव मी न्कॉकमध्ये घेतलेला होता. रेल्वेतल्या एका वयस्कर खाणकामगाराला विचारलं तर तो म्हणाला, "लाकडाच्या वेळीही हेच म्हणत होते." होईल असं म्हणायचं होतं की नाही होणार, हे माझ्या मोडक्या फ्रेंचमुळे समजलं नाही. परत विचारेपर्यंत त्याचं स्टेशन आलं.

मुंबईला उतरल्यावर आधी पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड तपासलं. घरी येऊन बूट झटकले, तर शिवणीतून मोआंडाची काळी पूड फरशीवर पडली. बायको म्हणाली, "हे काय आणलंस?"