घडी वाढताना कुणी बघितली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि हा प्रश्न काही पहिल्यांदा आलेला नाही, वर्गात येतो, पालकांच्या मीटिंगमध्ये येतो, एकदा तर लग्नाच्या जेवणात बाजूच्या खुर्चीवरून आला. "सर, दगडाचे थर दाबाने वाकून त्यांना घड्या पडतात, ते मान्य. पण घडी वाढताना कुणी बघितलीय का, की सगळं अंदाजपंचे?" विचारणारा बहुतेक वेळा गोव्यातल्या डिचोली-साखळीकडचा असतो, कारण तिकडे घरात कुणी ना कुणी लोखंडाच्या खाणीवर काम केलेलं असतंच.

तर आधी आपल्या घरचं. खाणीच्या कापलेल्या भिंतीजवळ उभं राहिलात तर काळसर लोखंडाचे आणि पांढुरक्या क्वार्ट्झचे पट्टे दिसतात, कुठे नखाएवढे बारीक, कुठे बोटभर जाड, आणि मध्येच बेबिंका, म्हणजे आपला थराथरांचा गोड केक, बाजूने दाबल्यासारखे वळलेले. झकास दिसतं. पण ह्या घड्या 2 अब्ज वर्षांहून जुन्या, त्यांची वाढ केव्हाच संपली. वरचा किती दगड झिजून गेला त्याला गणती नाही आणि त्यावर जांभ्याचं टोपण चढलंय. म्हणजे आपल्या डोंगराचा आकार आणि पोटातल्या घडीचा आकार यांचा मेळ असेलच असं नाही, वर डोंगर आणि आत खाली वाकलेली घडी असंही सापडतं. डोंगर उभा राहिलाय तो कडक दगडामुळे, घडी वर येतेय म्हणून नाही. त्यामुळे "आपल्याकडचे डोंगर अशा घड्यांमुळे वाढतायत का" असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सरळ "नाही" असं आहे.

जिवंत, म्हणजे अजून वाढणारी घडी बघायची तर दगड नंतर, आधी नदी. खाली प्रस्तरभंग, म्हणजे दगडातली सरकणारी भेग, सरकत असतो, तो वरपर्यंत फुटलेला नसतो, म्हणून वरचे थर न तुटता वाकतात आणि सपाट मैदानात एक लांबट उंचवटा तयार व्हायला लागतो. आता त्या जागेवरून आधीपासून एखादी नदी वाहत असेल तर तिने काय करायचं? जमीन जेवढ्या वेगाने वर येते तेवढ्या वेगाने तळ कापत राहायचं, नाहीतर हार मानून वळसा घालायचा. तळ कापत राहिलेल्या नदीची खूण म्हणजे डोंगर चिरून जाणारी पाण्याची खिंड, वळसा घेतलेल्या नदीची खूण म्हणजे मागे राहिलेली कोरडी खिंड, जिच्यात आता ओढाही नाही पण नशीब असेल तर नदीने घासलेले गोटे सापडतात. त्या उंचीवर गोटे कुणी नेऊन टाकले, हा प्रश्न पडला की अर्धं काम झालं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातलं व्हीलर रिज, सॅन वाकीन खोऱ्याच्या दक्षिण टोकाला, साधारण 10 किलोमीटरची एक टेकडीची रांग. गूगल अर्थवर उघडा. पश्चिमेकडचा भाग घळींनी पार चिरलेला, पूर्वेकडचं टोक गुळगुळीत, त्यावर पाण्याला अजून फारसे ओरखडे काढायला वेळच मिळालेला नाही. म्हणजे पश्चिम जुनी, पूर्व नवी, घडी पूर्वेकडे लांबत चाललीय. मध्ये मोठी कोरडी खिंड आहे, आणि गंमत म्हणजे आता तिच्यातून माणसांनी कालवा नेलाय, नदीने सोडलेली वाट इंजिनिअर लोकांना आयती मिळाली. तिथे घडी वर्षाला साधारण 3 मिलिमीटर वर येते आणि आडवी मात्र त्याच्या कितीतरी पट वेगाने लांबते, म्हणून टोकाजवळची नदी सतत पुढे ढकलली जाते.

आपल्या देशात दिल्लीहून देहरादूनला जाताना मोहंडजवळ जे शिवालिक, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचे डोंगर, लागतात तेही असेच. त्यांच्या मागच्या दून खोऱ्यात पडलेलं पाणी सरळ दक्षिणेला मैदानात उतरत नाही, आसन पश्चिमेला यमुनेकडे जाते, सोंग पूर्वेला गंगेकडे. छोट्यांना शिवालिक कापणं जमलेलं नाही, थोरल्या दोघी कापून बाहेर पडतात. नेपाळात बागमतीच्या काठावर तर नदीचे जुने सपाट काठच वर उचललेले सापडतात, कधीकाळी पाण्याच्या पातळीवर असलेली ती जमीन घडीच्या माथ्यावर सगळ्यात उंच गेलीय. मला विचाराल तर यापेक्षा भक्कम पुरावा नाही, कारण तो काठ तयार होताना असा कमानीसारखा असूच शकत नव्हता.

बरं, पण "कुणी बघितलं का" हा मूळ प्रश्न राहिलाच. बघितलंय. 16 जून 1819 ला कच्छमध्ये मोठा भूकंप झाला आणि रणाच्या सपाटीवर 80 किलोमीटरपेक्षा लांब उंचवटा उभा राहिला, काही ठिकाणी चांगला 4 मीटरच्या वर. लोकांनी त्याला अल्लाबंद, म्हणजे अल्लाने घातलेला बांध, म्हटलं. सिंधूचा एक जुना फाटा त्याने अडवला, आणि 1826 च्या पुरात पाण्याने तोच उंचवटा फोडून वाट काढली. पाण्याची खिंड तयार होताना, चक्क सात वर्षांच्या हिशोबात! 10 ऑक्टोबर 1980 ला अल्जीरियात एल अस्नामच्या भूकंपात पण तसंच, घडी वर आली, शेलिफ नदी अडली आणि मागे पाणी तुंबलं.

म्हणून ते वर्षाला 3 मिलिमीटर वाचून कुणी दरवर्षी टेप लावून बघायला जाऊ नका, ती सरासरी आहे. शेकडो वर्षं काही हलत नाही आणि मग एका मिनिटात काही मीटर. आणि गूगल अर्थवर दिसणारी प्रत्येक कोरडी खिंड म्हणजे घडी असंही समजू नका, शेजारच्या नदीने पाणी पळवलं तरी खिंड कोरडी पडते. एकापाठोपाठ खिंडी, त्याही एका बाजूला उंचीने उतरत गेलेल्या, आणि त्याच बाजूचं टोक गुळगुळीत, एवढं जुळलं तर मला लिंक पाठवा.