नाताळचे साचे आणि हार-कंगनाची फळी

माझ्या माहेरी, अमळनेरला, माळ्यावरच्या पेटीत हार-कंगनाचे दोन सागवानी साचे असत. होळी जवळ आली की आजोबा ते बाहेर काढून हौदात भिजत टाकत, कारण लाकडाने पोटभर पाणी प्यायलेले असले म्हणजेच साखरेचा कढत पाक त्याला धरत नाही. मग खोबणीत दोरा ठेवायचा, दोन्ही फळ्या घट्ट आवळायच्या, पाक ओतायचा आणि तो थिजला की फळ्या अलगद सोडवायच्या. साचा वापरण्याआधी भिजवायचा असतो, हे मी अशा रीतीने न शिकवता शिकले आणि त्याच ज्ञानाने पुढे माझा घात केला.

चार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीची मुलगी श्टुटगार्टहून नाताळच्या सुट्टीत नंदुरबारला आली, तेव्हा तिने माझ्यासाठी नाताळच्या बिस्किटांवर नक्षी उठवायची, नासपतीच्या लाकडाची वीतभर फळी आणली होती. तिच्यावर उलटा कोरलेला घोडेस्वार होता आणि त्याच्या टोपीतले पीस, घोड्याच्या आयाळीचे केससुद्धा मोजता येत होते. मी ती फळी मोठ्या भक्तिभावाने रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. सकाळी पाहते तो फळीला बाक आला होता आणि उन्हात वाळवल्यावर घोड्याच्या पाठीवरून आरपार एक चीर गेली.

श्प्रिंगर्ले नावाच्या ज्या बिस्किटांसाठी ती फळी होती, त्यांचे शास्त्र आपल्या हार-कंगनाच्या नेमके उलट आहे. येथे साचा कोरडा ठाक लागतो, त्यावर मैदा भुरभुरायचा आणि मऊ ब्रशने झटकायचा असतो. वापरून झाल्यावरही तो धुवायचा नाही, फक्त कोरड्या ब्रशने साफ करायचा. दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागातले प्रमाण सोपे आहे: चार अंडी, ५०० ग्रॅम पिठीसाखर आणि ५०० ग्रॅम मैदा. लोण्यातुपाचे नाव नाही. अंडी आणि साखर अर्धा तास तरी फेटावी लागतात. फुगण्यासाठी चिमूटभर ‘हरणाच्या शिंगाचे मीठ’ घालतात, जे एकेकाळी खरोखर शिंगांपासून काढले जात असे. आपल्या बेकरीवाल्यांकडे ते नुसत्या ‘अमोनिया’ या नावाने मिळते. भट्टीत त्याचा वास नाकात झोंबतो, पण पातळ आणि कोरड्या बिस्किटातून तो पूर्ण उडून जातो. जाड केकमध्ये मात्र तो अडकून राहतो, म्हणून तेथे ते वापरू नये. स्वादासाठी लागते ती विलायती बडीशेप, म्हणजे ॲनिस. पहिल्या वर्षी मी घरातली साधी बडीशेप घातली आणि सगळ्या घाण्याला जेवणानंतरच्या मुखवासाची चव आली.

पीठ साधारण एक सेंटिमीटर जाड लाटून, त्यावर साचा सरळ दाबून, सरळच उचलायचा. त्यानंतरची गोष्ट घाईच्या माणसाला जमणारी नाही: उठवलेले तुकडे चोवीस तास उघड्यावर सुकू द्यायचे. वरचा थर वाळून कडक होतो, त्यामुळे भट्टीत पीठ वर फुगू शकत नाही, ते खालून उचलले जाते आणि नक्षी जशीच्या तशी पांढरी राहून बिस्किटाखाली छोटे ‘पाय’ फुटतात. पाय सारखे यावेत म्हणून भाजण्याआधी तुकड्यांचा तळ ओल्या फडक्यावर टेकवून घेतात. या कामाला आपली डिसेंबरातली कोरडी थंडी फारच मानवते. मुंबईच्या दमट हवेत माझ्या बहिणीचे घोडेस्वार दुसऱ्या दिवशीही चिकटच होते. सुमारे १५० अंशांवर वीस मिनिटे पुरतात. भाजल्यावर ही बिस्किटे दगडासारखी होतात, म्हणून डब्यात सफरचंदाची फोड ठेवून ती दोन-तीन आठवडे मुरवावी लागतात.

डचांचे स्पेक्युलास हे मसालेदार बिस्किट मला त्या मानाने सोपे वाटते. ५ डिसेंबरच्या संत निकोलसच्या संध्येसाठी ते करतात, आणि त्यातली दालचिनी, लवंग, जायफळ आपल्याला घरचीच वाटतात. त्यात पीठ फळीत ठासून, वरचे जास्तीचे कापून, फळी ओट्यावर आपटून पाडायचे असते. ती आपटण्याची क्रिया मला मोदकाच्या साच्यामुळे पहिल्याच दिवशी जमली.

हा नाद लागलेल्यांनी दुकानांच्या आधी संग्रहालये पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममधल्या कोरीव फळ्यांची मोठी, स्वच्छ छायाचित्रे फुकट उतरवून घेता येतात. न्यूरेंबर्गचे जर्मन राष्ट्रीय संग्रहालय, उल्म येथील भाकरीचे संग्रहालय आणि पोलंडमधल्या तोरुनचे, जुन्या कारखान्यात थाटलेले जिंजरब्रेडचे, म्हणजे मसालेदार पावाचे संग्रहालय, या तिघांतून कोरीवकाम कसे बदलत गेले ते कळते. उत्तर क्रोएशियातल्या हृदयाच्या आकाराच्या, लाल रंगवलेल्या अशाच पावांच्या कलेला युनेस्कोने २०१० साली आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले आहे. नाताळच्या जुन्या सजावटीचा संग्रह करणाऱ्यांनी जर्मनीतल्या लाउशा गावचे फुंकलेल्या काचेचे गोळे आणि ड्रेसडेनचे ठसे उठवलेले पुठ्ठ्याचे दागिने जरूर पाहावेत, पण ती भारी किमतीची, नाजूक दुनिया आहे आणि मी तिच्या दारातूनच परतले.

साचा विकत घेताना एकच कसोटी लावावी. कणकेचा गोळा दाबून पाहावा. पर्यटकांसाठी काढलेल्या भिंतीवरच्या फळ्या दिसायला जुन्या असतात, पण त्यांची कोरणी उथळ असल्याने कणकेत नाक-डोळे उमटत नाहीत. शिकागोजवळचे ‘हाउस ऑन द हिल’ जुन्या साच्यांच्या लाकूड-राळेच्या प्रतिकृती विकते, त्यांची कोरणी खोल असते. त्यावर बसणारे सीमाशुल्क आधी विचारून घ्यावे.

माझा चिरलेला घोडेस्वार मी फेकला नाही. आता प्रत्येक बिस्किटावर घोड्याच्या पाठीवरून केसाएवढी एक रेघ उठते, आणि नवापूरच्या मैत्रिणीच्या घरी नाताळच्या ताटात करंज्या, शंकरपाळ्यांमध्ये ती रेघ पाहूनच मुले सांगतात, ही मावशीची.