टॉवेलखालचा इग्वाना

गेल्या आषाढातली गोष्ट. बेळगावात आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. माझा प्राण्यांचा दवाखाना बंद करायच्या वेळेला शहापूरकडून एक बाई आल्या, सोबत कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. मुलाच्या हातात प्लास्टिकचं क्रेट, वर टॉवेल. "मॅडम, आधी दार लावून घेता काय?" बाई हळूच म्हणाल्या.

टॉवेलखाली हिरवा इग्वाना होता, परदेशी जातीचा मोठा सरडा. पुढचे पाय थरथरत होते. खालचा जबडा दोन्हीकडून सुजलेला, बोटानं दाबला तर रबरासारखा दबत होता. एक्स-रे काढला. हाडं धुरकट, मांडीचं हाड एका ठिकाणी मोडलेलं. शरीराला कॅल्शियम मिळेनासं झालं की ते हाडांतून ओढलं जातं, त्याचा हा परिणाम.

खायला काय देता विचारलं. उकडलेलं अंडं, पालक, अधूनमधून चपाती. खरं तर हा पाला खाणारा प्राणी, आणि पालकात ऑक्झलेट नावाचा घटक असतो, तो आहे ते कॅल्शियमही अंगी लागू देत नाही. राहायला काचेची टाकी, बंद खिडकीपाशी. "ऊन येतंय की तिथं," मुलगा म्हणाला. ऊन येतं, पण ज्या अतिनील किरणांवर इग्वाना ड जीवनसत्त्व तयार करतो, ते काचेतून जवळजवळ येतच नाहीत. विकणाऱ्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. हा प्राणी वाढून पाच-सहा फुटांचा होतो, हेही नाही.

"थरथर कधीपासून?"

"दिवाळीपासून थोडं थोडं."

"मग इतके दिवस काय केलंत?"

बाईंचे डोळे भरले. "भ्या वाटलं ओ मॅडम. डॉक्टरकडं नेलं की फॉरेस्टवाले येतात म्हणून सांगितलं कुणीतरी."

मला या उत्तराचा फार त्रास झाला. कायदा प्राण्यांसाठी केलेला, आणि त्याच्याच अर्धवट माहितीपायी एक जीव आठ महिने औषधावाचून राहिला.

इंजेक्शन देता देता मी त्यांना नीट समजावलं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मुख्यतः आपल्या देशातल्या प्राण्यांसाठी होता. परदेशी सरडे, अजगर घरात पोसणाऱ्यांना त्याची फारशी झळ लागत नसे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे चौथ्या यादीत, आले. हिरवा इग्वाना त्यात आहे, बॉल पायथन हा अजगरही आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये नियम आले: असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करायचा, सहा महिन्यांच्या आत. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचं. या घरात त्याचा कुणाला पत्ताच नव्हता. मुदत कधीच उलटून गेली होती.

हा कायदा हवाच, असं माझं ठाम मत आहे. फ्लोरिडात आणि तैवानमध्ये पाळलेले इग्वाने सुटून रानात पसरले, आता तिथल्या सरकारांना ते आवरत नाहीत. आपल्याकडे हौस फिटली की लाल कानाची परदेशी कासवं तळ्यात नेऊन सोडतात. इकडे खानापूरला भीमगडचं जंगल आहे. तिथं उद्या काय सुटेल, हे कुणाकडे काय आहे त्याची नोंदच नसेल तर कळणार कसं?

मी बोलत होते तेवढ्यात आजी म्हणाल्या, "असलं परदेशी कशाला आणायचं? आमचं कासव बघा की. पाठीवर पिवळ्या चांदण्या. लक्ष्मी हाय ती घरातली. ना दुखणं ना खुपणं."

मी तिथंच थांबले. ते स्टार कासव होतं. आपल्याच मातीतलं, म्हणून घरात सगळे निर्धास्त. आणि नेमकं तेच सगळ्यात कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत! त्याला पोर्टल नाही, नोंदणी नाही. घरात ठेवणं हाच गुन्हा, तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. ज्याला टॉवेलखाली लपवून आणलं त्याच्यासाठी निदान अर्जाची वाट होती. ज्याची रोज हळद-कुंकू लावून पूजा होत होती, त्याच्यासाठी तीही नव्हती.

आजींना हे पटायला वेळ लागला. "चोरी केली नाही, मारलं नाही, मग गुन्हा कसला?" त्यांना मी सांगितलं, ही कासवं रानातून पोत्यांनी गोळा होतात, वाटेत कितीतरी मरतात, आणि घरोघरी त्यांना लक्ष्मी मानतात म्हणूनच तो धंदा चालतो. त्या गप्प झाल्या. शेवटी त्यांनीच मुलाला सांगितलं, "उद्या बाबाला घेऊन जा, देऊन या."

दुसऱ्या दिवशी मी वनखात्यात ओळखीच्या अधिकाऱ्यांना फोन केला आणि त्यांच्याबरोबर गेले. कासव स्वतःहून ताब्यात दिलं, तसा जबाब लिहून झाला. इग्वानाचा अर्ज उशिराचं कारण आणि माझे उपचारांचे कागद जोडून भरला. तो मंजूर करायचा की नाही, हे आता खात्याच्या हातात.

इग्वानाला अतिनील किरणांचा यूव्हीबी दिवा आला, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, भोपळा सुरू झाला, कॅल्शियम चालू राहिलं. गणपतीपर्यंत थरथर थांबली. जबडा वाकडा राहिला, तो राहणारच.

तपासणीला आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या गल्लीत आणखी दोघांच्यात हाय असलं काहीबाही. घाबरून आहेत. पाठवू काय?"

"पाठवा," मी म्हटलं. "या आठवड्यातच पाठवा."