चकाकी विझेपर्यंत

जलरंगात चित्र रंगवताना निम्मा वेळ मी चित्राकडे बघतच नसते. बोर्ड डोळ्यांच्या पातळीला आणते, मान तिरकी करते आणि ओल्या कागदावर उजेड कसा पडतोय ते बघते. पाहणाऱ्याला वाटतं, बाईंचं काहीतरी हरवलंय. मी पाणी बघत असते.

ताजा ओला कागद आरशासारखा चमकतो. तेव्हा ब्रश टेकवला की रंग वाट फुटेल तिकडे पळतो. धुक्याला, ढगांना ते चालतं. मग चकाकी मंदावते, रेशमी होते. दूरची झाडं मी याच वेळी घेते, कारण आता रंग थोडा पसरतो आणि थांबतो. हे फार टिकत नाही. चकाकी विझली की कागद वाळल्यासारखा दिसतो, आणि खरी घातकी वेळ ती. त्यावर पाणीदार ब्रश लागला की नवं पाणी आधीच्या रंगाचे कण ढकलत नेतं आणि कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. माझी सुरुवातीची सगळी आकाशं अशा डागांनी भरलेली आहेत. आता शंका आली की हाताची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवते. गार लागला, तर आत ओल आहे. त्या अवस्थेत काही करायचंच असेल, तर ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा कमी हवं. एरवी हात मागे.

हे कळायला मला उशीर झाला, कारण सुरुवातीला सगळे पैसे रंगांवर घातले आणि कागद साध्या वहीतला वापरला. तो लगेच फुगायचा. खळग्यांत पाणी साचायचं, उंचवटे सुकून जायचे, म्हणजे एकाच आकाशात तिन्ही अवस्था एकदम! आता ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), १०० टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत कागद घेते. त्यात पाणी मुरतं आणि सावकाश वर येतं. जिलेटिनचं साइझिंग, म्हणजे शोषण रोखणारा लेप असल्यामुळे रंगही पटकन शोषला जात नाही. मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर दिला की हाही थोडा वाकतो, म्हणून चारही बाजूंनी टेप लावते. कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, रंग दोन कमी घ्या, पण कागदात काटकसर नको.

रंग घेताना ट्यूबवरचं नाव नव्हे, तर बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा कोड वाचते. पीबी२९ म्हणजे अल्ट्रामरीन. याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, त्यामुळे वॉश दाणेदार दिसतो. पीबी१५, फ्थॅलो ब्लू, हा मात्र आगाऊ रंग. कण अतिशय बारीक, ओल्यात सैरावैरा धावतो आणि एकदा कागदात बसला की पुसून निघत नाही. तयार करडा आणि काळा मी केव्हाच काढून टाकले. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळला की सुंदर करडा मिळतो, आणि ओल्या कागदावर तो जरासा फुटतो, कुठे निळसर, कुठे तपकिरी. पावसाळी ढगासाठी मला दुसरं काही लागत नाही. फक्त तो वाळल्यावर फिका पडतो, म्हणून लावताना भीती वाटेल इतका गडद लावायचा.

कोड वाचायची सवय एका चित्राने लावली. त्यातल्या जांभळ्या सावल्या अल्ट्रामरीन आणि अ‍ॅलिझरिन क्रिमझन या गडद लालाच्या मिश्रणाच्या होत्या. चित्र खिडकीसमोर टांगलं होतं. काही वर्षांनी पाहते, तर सावल्या नुसत्या निळ्या! अ‍ॅलिझरिन, म्हणजे पीआर८३, उजेडात उडतो. तेव्हापासून त्याच्या जागी पीव्ही१९, क्विनाक्रिडोन.

ब्रशांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दहा नंबरचा गोल ब्रश, पोटात पाणी धरणारा आणि ओला केल्यावर टोक जुळणारा, बहुतेक कामं करतो. सिंथेटिक ब्रश पाणी एकदम सोडतो, सेबल, म्हणजे प्राण्याच्या केसांचा, जपून सोडतो. आकाशाला खारीच्या केसांचा मोठा मॉप, म्हणजे जाड मऊ ब्रश.

आज सकाळी नदीचं चित्र घेतलंय. आकाश झालं आणि त्यावर एक वाळकी फांदी काढायला हात शिवशिवायला लागले, म्हणून उठून हे लिहायला बसले. आत्ता जाऊन पुन्हा हात टेकवून आले. अजून गार आहे.